जनुकमहाराजांचे तीन थेंब

सभागृहात मुंगीला शिरायला जागा नव्हती. पांढऱ्या डगल्यातले जनुकमहाराज (हे नाव मीच ठेवलेलं) जनुकं तपासायला म्हणून एकेकाची थुंकी काचेच्या नळीत घेत होते. पहिल्या रांगेत माझी ताई. तिच्या हृदयाचे ठोके मधूनच बेताल होतात. तेव्हा रक्ताची गुठळी होऊन मेंदूत जाऊ नये म्हणून डॉक्टरांनी दिलेली गोळी तिने या महाराजांच्या सांगण्यावरून बंद करून त्यांच्या औषधाचे थेंब सुरू केले होते. माझं पित्त खवळलं होतं.

"दाह तुमच्या जनुकांतच आहे," महाराज एका सुताराला सांगत होते. "आग आत, आणि डॉक्टर बसलेत धूर हाकलत. ठोके टिपणाऱ्या या यंत्राचे दांडे घट्ट आवळा."

पडद्यावरची रेघ वेडीवाकडी थरथरली. मग त्याच्या जिभेवर तीन थेंब पडले. "आता हात सैल सोडा." रेघ शहाण्या मुलासारखी चालू लागली आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. ताईचे डोळे भरून आले.

माझ्या शेजारी तिची मुलगी, माझी भाची. दाहामुळे ठोके बिघडतात की ठोके बिघडल्याने दाह वाढतो, हे लाखो लोकांच्या जनुकांची माहिती पडताळून शोधायचं, हे तिचं काम.

"तुझाच विषय की," मी म्हटलं.

"मामा, लाखो माणसं तपासली तेव्हा कुठे एखादा कल हाती लागतो. एकट्या माणसाची थुंकी बघून गोळी सोड म्हणायची आमच्यात कुणाची छाती नाही." आणि ती तडक व्यासपीठावर चढली.

तिने दांडे आवळले. रेघ थरथरली.

"कोवळं वय आणि एवढा दाह," महाराज हळहळले.

तिने हात सैल सोडले. रेघ शांत झाली. पुन्हा आवळले, पुन्हा थरथर. थेंबांची बाटली बंदच होती.

"यंत्र हृदयाबरोबर हाताच्या स्नायूंचीही वीज टिपतं," ती म्हणाली. "आवळलं की स्नायू थरथरतात. तोच यांचा दाह."

"श्रद्धा नसेल तर थेंब लागू पडत नाहीत."

"पण थेंब दिलेच कुठे तिला?" सुताराने विचारलं.

ताई संतापून उठली. "चारचौघांत माझं नाक कापलंस," असं लेकीला म्हणत तिने स्वतः दांडे धरले, अगदी सैल. रेघ स्वच्छ उमटली. पण रेघेवरचे उंचवटे कधी जवळ, कधी लांब, कशाला कशाचा मेळ नाही. रोज थेंब घेऊनही आजार जागच्या जागी होता. ताई पडद्याकडे बघत राहिली.

"गोळ्या मी फेकून दिल्या गं," ती म्हणाली.

महाराज डगला सावरत मागच्या दाराने सटकले. आम्ही ताईला घेऊन थेट दवाखाना गाठला. गुठळी झालेली नव्हती. ते आमचं नशीब, महाराजांची पुण्याई नव्हे.

माझा राग अजून उतरलेला नाही. विज्ञानाचे चार शब्द फेकले म्हणून कुणी वैज्ञानिक होत नाही. औषध न देताही हेच दिसलं असतं का, एवढं तरी विचारत जा. विचारायला पैसे पडत नाहीत. भाची उठेपर्यंत भरल्या सभागृहात ते कुणीच विचारलं नाही, आणि त्यापायी माझी ताई जाणार होती.