दाभणांची उशी

अकोटचं ऊन तसं सभ्य. फाल्गुनात ते नुसती ओळख करून देतं. चैतात मात्र दारात पापड वाळत घातला तर उचलताना तो भाजलेलाच हाती येतो, आणि कावळे दुपारी उडायचं सोडून ऑटोने जातात, असं सांगणारे लोक गावात आहेत. त्यांच्यातल्या निम्म्यांवर विश्वास ठेवायला हरकत नाही. अशाच फाल्गुनातल्या एका सकाळी नियाजभाईच्या गादी कारखान्यात अमरावतीहून पत्र आलं, आणि सावलीत बसल्याबसल्या नियाजभाईला घाम फुटला.

कारखाना म्हणजे जिनिंगच्या मागचं एक लांबोडकं टिनाचं शेड, बापाने उभं केलेलं. रुई पिंजायची एक मशीन, आणि गाद्या भरायला, टाके घालायला बत्तीस बाया. थंडी सरली की गादी-रजईचं गिऱ्हाईक सरतं आणि मग हे शेड उन्हाळाभर घोरत पडतं.

पत्र होतं पाच संस्थांचं मिळून. एक बँक, एक कॉलेज, एक ट्रस्ट आणि दोन कंपन्या. गरिबांना सोबत घेऊन धंदा करणाऱ्यांना हात द्यावा, असं पाचांच्याही मनात. पण ‘गरीब’ कोणाला म्हणायचं आणि ‘सोबत घेणं’ म्हणजे काय, यावर पाचांची पाच तोंडं. एकीच्या फॉर्मात छप्पर विचारायचे, दुसरीच्या फॉर्मात मोटारसायकल, तिसरीच्या फॉर्मात पंखा. मागच्या साली नियाजने पाचही फॉर्म भरले होते. त्यात सुभद्राकाकू पहिल्या फॉर्मात गरीब निघाली आणि दुसऱ्यात श्रीमंत, कारण तिच्या अंगणात एक मोटारसायकल होती. सात वर्षांपासून तिच्यावर कोंबड्या झोपत होत्या, पण फॉर्मात कोंबड्यांचा रकाना नव्हता.

आता पाचांनी ठरवलं होतं, सगळ्यांचा मिळून एकच मापदंड आणि एकच शिक्का. मसुदा लिहून झाला होता. पक्का करण्याआधी तो चार ठिकाणी लावून पाहायचा होता, त्यातलं एक ठिकाण नियाजचं. आणि ज्याला शिक्का, त्यालाच वसतिगृहांच्या नऊशे गाद्यांचं काम. ते मिळालं तर बत्तीसही जणींचा उन्हाळा निघून जात होता. नाही मिळालं तर काम जाणार फोमवाल्यांकडे, आणि बाया जाणार उन्हात, मिळेल त्याच्या वावरात.

“पाहायले येऊन राह्यले म्हंते?” सुभद्राकाकूने हातातलं दाभण थांबवलं. साठीच्या पुढची ही बाई नियाजच्या बापापासून शेडमध्ये होती. ती टाका घालायला बसली की गादी आपणहून श्वास रोखून धरते, असं म्हणत. “किती जनं?”

“दोघं. एक साहेब, एक मॅडम.”

“मंग तं तयारी करा लागते.”

“तयारी कायची, काकू? जसं हाय तसं दाखवायचं.”

“बह्याड झाला का रे? पोरगी पाहायले पाहुणे आले तं पोरीले भांडे घासता घासता दाखवते का कोनी?”

नियाजने आशेने आईकडे पाहिलं. बिस्मिल्लाबी कोपऱ्यात सुपारी कातरत होती. तिने अडकित्ता खाली ठेवला. “सुभद्रा सही बोल रई. मेहमान के सामने फटी चादर कौन बिछाता, बेटा? इज्जत का सवाल है.”

या दोन बाया एका बाजूला झाल्या की अकोटात त्यांच्यापुढे टिकलेला माणूस अजून जन्मायचा होता. नियाज म्हणाला, “करा काय करायचं ते.” एवढंच म्हणून थांबला असता तरी ठीक, पण संध्याकाळी त्याने स्वतःलाही एक नवा शर्ट घेतला.

पाहुणे आले त्या दिवशी शेडने स्वतःला आरशात पाहिलं असतं तर नमस्कारच केला असता. मंगल कार्यालयातून नवरदेवाची खुर्ची आणली होती, दोन्ही हातांवर मोर असलेली. केशवराव साहेबांना तिच्यात बसवलं, तेव्हा ते अक्षता पडायची वाट पाहतायत असं वाटत होतं. दाराशी ट्रॅक्टरवाल्याची पांढरी गाडी उभी. भिंतीला टेकून सोडावाल्या मोतीरामचा फ्रीज, त्याची वायर कुठेच जात नव्हती. आणि बत्तीस बाया ठेवणीतल्या साड्यांत. कोणाच्या अंगावर सुनेचा हार, कोणाच्या हातात नणंदेच्या बांगड्या, कोणाच्या नाकात विहिणीची नथ. निम्मं नकली, निम्मं उसनं. सुभद्राकाकूच्या गळ्यात तर इतकं सोनं, की मान वळवायच्या आधी ती शेजारणीला सांगत होती, सरक.

पौर्णिमा मॅडमने कागद काढला. तिशीची, हसऱ्या चेहऱ्याची बाई. “काकू, घरात वर्षभर पुरेल एवढं धान्य असतं?”

“पुरून उरते जी. उंदरं बी खाऊन खाऊन लठ्ठ झाले.”

“आजारपण आलं तर अडचण होते?”

“आमच्यात कोनी आजारी पडतच नाई.” मागून एक खोकला आला. तो तिथल्या तिथे दाबला गेला.

“उन्हाळ्यात काम कमी पडतं का?”

“कामाले काय तोटा, मॅडम!”

नियाजने तोंड उघडलं, तेवढ्यात आईने त्याच्या पायावर पाय दिला. मग बासुंदी आली, गिला वडा आला, परत बासुंदी आली. केशवरावांनी तोंड पुसलं, चष्मा पुसला आणि मसुद्याची पानं उलटली.

“नियाजभाई, इतका सुखी कारखाना मी जिल्ह्यात पाहिला नाही. अभिनंदन. फक्त एक आहे, आमच्या मापदंडात तुम्ही बसत नाही.”

“जी?”

“पहिलंच कलम. धंद्यात गरीब घरांतली माणसं हवीत. तुमच्याकडे एकही नाही.”

त्या क्षणी शेडमध्ये रुईचा पुंजका पडला असता, तरी धप्पकन आवाज झाला असता.

“कोन म्हंते आमी गरीब नाई?” सुभद्राकाकू उठली. एवढा अपमान तिच्या सात पिढ्यांत कोणी केला नव्हता. तिने गळ्यातला हार काढून मोराच्या डोक्यात घातला. “हे घ्या! हे शेजारच्या आरतीचं. हे पाटल्या तिच्या सासूच्या. माह्या घराले दार नाई, साहेब!”

“तुह्या घराले दार नाई, माह्या दाराले घर नाई!” दुसरी ओरडली. आणि मग बत्तीस जणींत अशी चढाओढ लागली, की गरिबीचा लिलाव चालू आहे असं वाटावं.

“अहो, पण आत्ता तर उंदीर लठ्ठ होते!” केशवराव खुर्चीत मागे सरकले.

“ते बी उसने होते, साहेब!”

केशवरावांनी फाइल मिटली. माणूस वाईट नव्हता, पण अर्ध्या तासात दोन उलट्या साक्षी ऐकून त्याचं डोकं गरगरत होतं. “आता मी कोणतं खरं धरू? बासुंदीच्या आधीचं की नंतरचं?”

नियाजला नऊशे गाद्या रांगेने दारातून उडून जाताना दिसल्या. एका गादीवर तर फोमवाला बसलेलाही दिसला. तो पुढे झाला. “साहेब, चूक माझी आहे. बायांनी घराची लाज राखली. खोटं होऊन राहिलं हे मले माहीत होतं, मी थांबवलं नाही. हा शर्टसुद्धा त्यासाठीच घेतला.” शर्टाच्या बाहीला दुकानाची चिठ्ठी अजून लोंबतच होती.

केशवराव काही बोलणार, तेवढ्यात दारातून मोतीराम सोडावाला घुसला. “नियाजभाऊ, तिकडे माह्या सोड्याले ताप येऊन राह्यला! माहा फ्रीज द्या पह्यले!” आणि कोणाची वाट न पाहता त्याने फ्रीज ओढला.

फ्रीजच्या मागे, भिंतीवरच्या खिळ्याला एक उशी टांगलेली होती. वासराच्या पोटाएवढी, साठ वर्षांच्या हातांनी काळी पडलेली. तिच्यात रंगीत दोऱ्यांची काही दाभणं टोचलेली होती.

“हे काय लपवलंत?” पौर्णिमा मॅडमने विचारलं.

“ते नका पाहू, मॅडम,” सुभद्राकाकू घाईने आडवी आली. “मयकट हाय ते. म्हनूनच तं फ्रीज लावला होता.”

पण मॅडम उशीपाशी पोचली होती. सांगावं लागलं नियाजला.

“काम कमी झालं की हे चालू होते. प्रत्येकीच्या दाभणाले वेगळ्या रंगाचा दोरा. जिच्या घरी त्या हप्त्यात दुसरं काही आहे, हरभरा सोंगणी म्हणा, पोराची मजुरी म्हणा, ती आपलं दाभण घरीच ठेवते. जिच्याजवळ काहीच नाही, ती सोमवारी येऊन टोचते. जेवढी दाभणं उशीत, तेवढ्या जणींत काम सारखं वाटायचं. कोणी कोणाले काही विचारत नाही.”

“मालक ठरवत नाही?”

“मी कोण ठरवणारा? मले काय माहीत कोणाच्या घरी काय शिजलं.”

केशवराव खुर्चीतून उठून जवळ आले. “आणि गरज नसताना एखादीने टोचलं तर?”

“टोचलं होतं एकदा एकीनं,” सुभद्राकाकू म्हणाली. “पोराले जिनिंगात काम लागलं होतं तिच्या, तरी टोचलं. दुसऱ्या दिवशी आपल्याच हातानं काढलं आन् पदरात लपवून घरी घेऊन गेली. कोनी चकार शब्द बोललं नाई.”

“कोण ती?”

“ते कावून सांगू?” सुभद्राकाकू टिनाच्या छताकडे पाहू लागली, आणि बाकीच्या एकतीस जणी सुभद्राकाकूकडे न पाहण्याची काळजी घेऊ लागल्या.

पौर्णिमा मॅडमने दाभणं मोजली. अकरा. उशीच्या बाहेर, दोरीला आणखी एक लटकत होतं, पांढऱ्या दोऱ्याचं. “हे कोणाचं?”

“माझं,” नियाज म्हणाला. “अब्बांचा नेम. मालकाचं दाभण सगळ्यांच्या शेवटी. काम भरपूर आलं, बत्तीसही जणींनी टोचली, सगळ्यांले काम पुरलं, की मग मालकाचं.”

“शेवटचं कधी टोचलंत?”

“दिवाळीच्या आधी. उन्हाळ्यात मी अकोल्याले दुसऱ्याच्या दुकानात गाद्या उचलतो, जी.”

नव्या शर्टातला हा मालक मॅडमने पहिल्यांदा नीट पाहिला. मग ती चांगल्या साडीनिशी खाली रुईतच बसली आणि मसुद्याच्या पहिल्या पानावर आडवी रेघ मारली.

“पौर्णिमाताई, अहो!” केशवराव दचकले.

“साहेब, मी वलगावची. मला पाहायला आले तेव्हा आमच्या ओसरीत शेजाऱ्यांचा पंखा फिरत होता. लग्न ठरलं आणि पंखा परत गेला. साडी उसनी मिळते, फ्रीज मिळतो. आत्ता पाहिलं ना, गरिबीसुद्धा उसनी आणता येते. आपण बायांच्या घरातल्या वस्तू मोजत बसलो. काम आटलं की आधी कोणाचं थांबतं, आणि ते ठरवतं कोण, हे पहिलं विचारायचं. ते उसनं मिळत नाही.”

“पण हे बाहेर कळलं की उद्या प्रत्येक कारखानदार एक उशी टांगेल.”

“टांगू दे. भोकं कुठून आणेल?”

केशवरावांनी उशीला हात लावला. काळ्या कापडाला सुईच्या टोकाएवढी जागा मोकळी नव्हती. साठ उन्हाळ्यांची भोकं होती ती. त्यांनी चष्मा वर करून ती जवळून पाहिली. मग म्हणाले, “बासुंदी उरली आहे का?” आणि ते परत बसले, या वेळी मोराच्या खुर्चीत नव्हे, पोत्यावर.

चैत लागता लागता अमरावतीत पाचही संस्थांची बैठक भरली. नियाज आणि सुभद्राकाकू एसटीने गेले; काकू आपल्या रोजच्या लुगड्यात, उशी मांडीवर घेऊन. वाटेत कंडक्टरने उशीचं तिकीट मागितलं आणि काकूने त्याला असं काही ऐकवलं, की अर्ध्या प्रवाशांनी पुढच्या थांब्यावर उतरायचं रद्द केलं. सभागृहात केशवरावांनी नवं पहिलं कलम वाचलं. बँकवाले म्हणाले, हे मोजायचं कसं? कंपनीवाले म्हणाले, तपासायचं कसं? शेवटी उशी टेबलावर ठेवली आणि ती हातोहात फिरली. कॉलेजचे प्राचार्य बोट टोचून घेऊन “हाय रे” म्हणाले, आणि त्यानंतर मात्र कोणी फार वाद घातला नाही.

“मंग आमचं काय झालं जी?” काकूने अखेर विचारलं.

“शिक्का तुमचाच पहिला,” पौर्णिमा मॅडम म्हणाली. “नऊशे गाद्या. आषाढाच्या आत हव्यात.”

नियाज खुर्चीत असा सैल पडला, की रुई निघाली म्हणजे सरकीला कसं वाटत असेल, ते त्याला त्या दिवशी कळलं. काकूने त्याच्या पाठीवर धपाटा घातला. “ऊठ, बाप्पा. अकोटची गाडी जाईन.”

सोमवारी सकाळी बाया आल्या. लाल, हिरवा, जांभळा, एकेक दोरा उशीत शिरला. दहा झाले, वीस झाले. बत्तिसावं दाभण सुभद्राकाकूचं, केशरी दोऱ्याचं. ते टोचलं तेव्हा भिंतीतला खिळा कुरकुरला. मोतीरामच्या मते खिळा रडला, पण मोतीरामचं सगळंच फसफसतं.

काकूने दोरीवरचं पांढऱ्या दोऱ्याचं दाभण काढलं आणि नियाजच्या हातात दिलं.

“टोच आता. बापाची वाट पाहून राह्यला का?”

नियाजने उशीवर हात फिरवला. जागा शोधायला त्याला थोडा वेळ लागला.