भिजायला दिलेला कोट

मी पावसाळी कोट बोलतोय. अंगावर सैन्याचा हिरवा रंग आहे, पण मी अजून सैन्याचा झालेलो नाही. नुसता उमेदवार आहे.

पूर्वी म्हणे साहेब लोक टेबलावर कोट उलटसुलट करून बघायचे आणि हजारोंनी विकत घ्यायचे. नमुना एक यायचा, माल भलताच. आता नवा नियम आलाय: आधी जवानांनी वापरून बघायचं, मगच खरेदी. नियम चांगला आहे. पण मला शिवताना कारखान्याचा मालक मुकादमाला म्हणाला होता, "वापरून कोण बघतंय?" तेव्हापासून माझा माणसांवरचा भरवसा उडाला. स्वतःच्या शिवणीवरचासुद्धा.

मी गोरखच्या वाट्याला आलो. गोरख वेल्ह्याकडचा जवान, तोरण्याच्या पायथ्याचा. भातलावणीसाठी तो सुट्टीवर निघाला, तेव्हा सुभेदारसाहेबांनी बजावलं की तुमच्याकडचा पाऊस दांडगा, कोट रोज घाल, चिखलात लोळव आणि आल्यावर खरं काय ते सांग. मी हरखलो.

घरी पोचलो, तर गोरखच्या आईनं, ठकुबाईंनी, मला बघून हातच जोडले. लेकाच्या फौजेची वस्तू! मला हळदकुंकू लागलं, देवापुढं ठेवलं गेलं आणि मग डांबराच्या गोळ्या घालून माझी रवानगी पत्र्याच्या पेटीत झाली. बाहेर पाऊस कोसळत होता, गोरख प्लास्टिकचा कागद पांघरून लावणी करत होता आणि मी आत कोरडा ठणठणीत. ठकुबाई त्या मालकाला सामील आहेत, असंच मला वाटलं. संशयी मनाला दोरीही साप दिसते.

सुट्टी संपत आली. गोरखची बायको आरती हिनं विचारलं, साहेबांना काय सांगणार? तो म्हणाला, चांगला आहे म्हणून सांगू, सगळे तेच सांगतात. आरतीचा चेहरा उतरला. त्याची तुकडी लवकरच बर्फातल्या चौकीवर जाणार होती. ती सासूकडं वळली.

"आत्या, ह्यो कोट जपाया न्हाई, भिजवाया दिलाय. गळका निगाला तर तिकडं ह्येच भिजत्याल."

ठकुबाई तडक उठल्या. त्यांनी पेटी उघडली, मला स्वतःच्या अंगावर चढवलं आणि त्या खाचरात उतरल्या. दुपारपर्यंत वाकून लावणी केली. माझी खांद्याची शिवण झिरपू लागली. मला फार लाज वाटली.

घरी येऊन त्यांनी गोरखला ओला खांदा दाखवला. "तुजी आय भिजली, गोरख. आता सांगशील, चांगला हाय म्हणून?"

गोरखनं मान खाली घातली. हमरस्त्यावरच्या कापूरहोळपर्यंत एसटीत तो माझी शिवण चाचपत बसला होता. हा तोंड उघडेल, याची मला मुळीच खात्री नव्हती.

पण तो बोलला. सुभेदारसाहेबांसमोर ताठ उभं राहून त्यानं सांगितलं की कोट खांद्यातून गळतो, आईनं घालून बघितलाय. कुणीतरी फिसकन हसलं. सुभेदारसाहेब हसले नाहीत.

आता मी कोठारात खिळ्याला टांगलेला आहे. खरेदीचा निर्णय अजून व्हायचाय. शेजारी इतर जवानांकडून परत आलेले कोट आहेत. सगळ्यांवर 'उत्तम' असा शेरा आहे आणि एकावरही चिखलाचा डाग नाही.

साहेब, मला खुशाल नापास करा. पण या स्वच्छ कोटांवर विश्वास ठेवू नका. त्या जवानांच्या घरीही आया आहेत आणि पत्र्याच्या पेट्याही.