चार ठिपके

वहिनीचा नकार दादाने माझ्या दुकानात येऊन सांगितला, तोही गिऱ्हाइकासमोर. तिचं मन बदललंय, म्हणाला. मी फोटोफ्रेमची काच कापत होते. काच वेडीवाकडी तुटली.

माझी गर्भपिशवी ठणठणीत होती, पण बीजच तयार होत नव्हतं. वहिनीला उपचारांतून मुलगी झाली आणि चार गर्भ दवाखान्यातल्या थंडगार टाकीत उरले. तिला दुसरं मूल नको होतं. त्यातला एक मागायला माझी जीभ किती दिवस रेटत नव्हती. आणि ती किती सहज म्हणाली होती, "ने की. ठिपके तर आहेत, नुसते पडून." तेव्हा मी तिच्या गळ्यात पडून रडले होते. आता ते आठवलं की अंगाचा तिळपापड होतो.

मी पहिल्यापासून उतावळी. दिवस राहायच्या आधीच भाचीचा तान्हेपणीचा फोटो वहिनीकडून मागून आणला, हौसेने मढवला आणि पलंगासमोर लावला. माझं बाळ दिसणार तर असंच. जरा दमाने घे, असं नवरा म्हणालाही. एकदा वहिनी सहज घरी आली, तेव्हा खोलीच्या दारातच थबकली. फोटोकडे बघत राहिली आणि चहा न घेताच गेली. त्यानंतर आला तो दादाचा निरोप.

दुकान बंद करून मी तडक तिच्याकडे गेले. ती ताटं पुसत होती, माझ्याकडे बघेना. ठिपके होते ना, मग आता काय झालं, असं मी तोंडावर विचारलं.

"मलाही ठिपकेच वाटत होते," ती म्हणाली. "तुझ्या भिंतीवर माझी पोर बघितली आणि पोटात तुटलं. माझं लेकरू तुला आई म्हणणार आणि मी मामी म्हणून खाऊ घेऊन यायचं. नाही जमणार मला."

मग तूच वाढव, म्हटलं. ते नको. राहू देत टाकीत, म्हटलं. तेही नको, जीव टांगणीला लागतो म्हणे. म्हणजे स्वतःचं लेकरू म्हणून मला द्यायचं नाही, आणि स्वतःचं लेकरू असून टाकून मात्र द्यायचं. ही कुठली माया?

पुढच्याच आठवड्यात दोघं दवाखान्यात सांगून आले. टाकीतून काढून टेबलावर ठेवतात, खोलीच्या उबेनेच सगळं संपतं. ठिपकेच होते गं, अशी दादाने माझी समजूत घातली. मी त्यातल्या एकासाठी पाळण्याची जागा रिकामी करून ठेवली होती.

भाचीचा वाढदिवस जवळ आला तशी वहिनी घरी आली. इकडचं तिकडचं बोलली, मग हळूच म्हणाली की तो फोटो परत हवा होता. तान्हेपणीचा तेवढा एकच उरलाय, बाकीचे जुन्या मोबाइलबरोबर गेले.

भिंतीवरून उतरवलेला फोटो कपाटात माझ्या कपड्यांखाली होता. रोज एकदा काढून बघत होते.

"टाकून दिला," मी म्हटलं.

"माझ्या मुलीचा फोटो टाकलास?"

"कागदच होता गं," मी म्हणाले आणि तिच्यासाठी चहा ठेवायला उठले.