कुशाबाईच्या नावाचं पितळ

टेम्पो इंदापूरहून आला तेव्हा द्वारकाबाई चर्चच्या पायऱ्या धूत होती. मागच्या गाडीतून तिचा दीर रावजी उतरला, गॉगल कपाळावर चढवून. पुण्यात फर्निचरचं दुकान टाकल्यापासून त्याला गावाची, अंथुर्ण्याची वाट फक्त लग्नाला नाहीतर मयताला सापडायची. सख्खी आई गेली, तेव्हाही तो माती पडल्यावर पोचला होता.

टेम्पोतून वेदीवर मांडायचे सहा उंच पितळी मेणबत्तीस्टँड उतरले. मग पितळी क्रूस, लेसचं पांढरं वेदीवस्त्र, लॅटिन प्रार्थनांच्या तीन सोनेरी फ्रेमी. प्रत्येक स्टँडच्या पायावर कोरलं होतं, ‘ख्रिस्तवासी कुशाबाई यांच्या स्मरणार्थ’. खाली रावजीचं नाव, आईच्या नावाहून मोठं.

“वहिनी, आईला वर्ष होतंय,” रावजी म्हणाला. “तिच्या आत्म्याच्या शांतीसाठी जुन्या पद्धतीची लॅटिन मिस्सा ठेवलीय, चर्चमधली उपासना. बिशपांची परवानगी काढली. पुण्याहून फादर येतायत.”

“तुमास्नी कळती लॅटिन?”

“कळायचं काय त्यात? वातावरण असतं.”

द्वारकाबाईनं बादली उचलली. सासू अंथरुणाला खिळली तेव्हा तिची कूस बदलायला, तिला न्हाऊ घालायला वातावरण लागलं नव्हतं. ह्या माणसानं तेवढ्या काळात दुकानाची कॅलेंडरं पाठवली, तीही कुरिअरनं. आता म्हणे स्मरणार्थ. लेस मात्र तिनंच इस्त्री केली, कारण रावजीनं ती चुरगळून आणली होती आणि वेदीवर चुणी पडलेली तिला बघवेना.

मिस्सेला पाहुणे फादर काळा झगा घालून लोकांकडं पाठ करून उभे राहिले. शेजारी त्यांच्यासोबत आलेला एक म्हातारा सेवक गुडघ्यावर होता. लोक एकमेकांकडं बघत होते. रावजी पहिल्या बाकावर मोबाइल उंच धरून चित्रीकरण करत होता आणि सगळे गुडघे टेकले तरी उभाच होता. नट कुठला, असं द्वारकाबाईच्या मनात आलं.

तेवढ्यात सेवक वाकला आणि छातीवर तीनदा मूठ मारत म्हणाला, “मेया कुल्पा, मेया कुल्पा...”

द्वारकाबाईनं मान वर केली. शेवटच्या महिन्यांत सासू हेच करायची. मूठ छातीवर, आणि तोंडात ‘मेकुलपा, मेकुलपा’. डॉक्टर म्हणाले, भ्रम आहे. द्वारकाबाईला वाटायचं छातीत दुखतंय. ती बाम चोळायची, आणि म्हातारी तिचा हात बाजूला सारून पुन्हा मूठ मारायची.

मिस्सा झाल्यावर तिनं पाहुण्या फादरना बाजूला गाठलं. “ते मेया कुल्पा म्हंजी काय हो फादर?”

“माझा अपराध. मिस्सेच्या सुरुवातीला पापकबुली देतात, त्यातले शब्द.”

सासू लहानपणी सिस्टरांच्या बोर्डिंगात वाढली होती, आणि तेव्हा मिस्सा लॅटिनमध्येच असायची. द्वारकाबाईनं पदर तोंडाला लावला. म्हातारी प्रार्थना म्हणत होती, आणि आपण बाम चोळत होतो.

“वहिनी, रडताय?” रावजी खूश होऊन जवळ आला. “आईला आवडलं असतं ना?”

सांगावं, असं क्षणभर वाटलं तिला. मग त्याच्या हातातला मोबाइल दिसला. हे सांगितलं तर उद्या ह्याच्या दुकानाच्या ग्रुपवर जाईल.

“न्हाय माहीत,” ती म्हणाली. “तुमी विचारलं असतं तिला कधी, तर कळलं असतं.”

रावजी जेवायला न थांबता गेला.

पुढच्या रविवारी नेहमीचे फादर वेदीमागं उभे राहून मराठीत मिस्सा सांगू लागले, तर स्टँडांच्या आडून त्यांचा चष्मासुद्धा दिसेना. प्रवचनाला माणसं माना वाकड्या करून बसली. संध्याकाळी फादर आणि द्वारकाबाई दोघांनी मिळून स्टँड बाजूच्या भिंतीशी ठेवले. ती घरी आली तोच रावजीचा फोन आला, “वेदीचा फोटो पाठवा ना.”

“पाठवती,” द्वारकाबाई म्हणाली आणि फोन ठेवून चुलीवरचं दूध उतरवायला गेली.