रात्रीच्या परिचारिकेचा ठराव

ग्रामसभा नेहमीसारखी शाळेच्या व्यायामशाळेत भरली होती. लाविना मुद्दाम मागच्या रांगेत बसली, तरी माणसं वळून वळून तिच्याकडे बघत होती. तिचे वडील लुत्सी याच हिवाळ्यात गेले होते, आणि ठराव नेमका त्यांच्यासारख्या आजारी म्हाताऱ्यांसाठी होता.

तो मांडला होता शेजारच्या बार्लामावशीने. तिचा नवरा तोनी अंथरुणाला खिळलेला. गावाच्या खर्चाने रात्रीपुरती एक परिचारिका ठेवावी, एवढंच तिचं मागणं.

दूध संघाचा कास्पर उठला. "बार्ला, रागावू नकोस. आज परिचारिका, उद्या तिला गाडी, परवा गाडीला शेड. कर वाढला की उरलीसुरली पोरं खाली कूर शहरात पळतील. मग आपण म्हातारे एकमेकांना औषधं पाजत बसू."

लोक हसले. बार्लासुद्धा थोडं हसली.

"आणि लुत्सीकडे बघा," कास्परचा आवाज मऊ झाला. "कुणापुढे हात पसरला नाही. स्वतःच्या घरात, लेकीच्या हातून गेला. आपल्या गावात माणसं अशी जातात."

सगळ्यांच्या माना लाविनाकडे वळल्या. तिने खाली बघितलं.

पानगळीच्या दिवसांत वडील म्हणाले होते, "खालच्या गावातली ती नर्स बोलाव गं. मला रात्रीची भीती वाटते." त्यावर ती म्हणाली होती, "बाबा, मागे असाच ठराव तुम्ही भर सभेत उभं राहून पाडलात. आता तिची गाडी आपल्या दारात दिसली तर लोक काय म्हणतील?" पुन्हा त्यांनी मागितलं नाही. आपण त्यांचं नाव राखतोय, असं तेव्हा तिला वाटलं होतं. खरं तर गाव तिला गुणी लेक म्हणत होतं, आणि ते तिला आवडत होतं.

अध्यक्षांनी विचारलं, "गुप्त मतदान कुणाला हवंय?"

ते मागायलाही हात वर करावा लागतो, आणि लपवायचं कुणाला आहे ते सगळ्या गावाला दिसतं. कुणी मागितलं नाही.

"ठरावाच्या बाजूने?"

बार्लाने हात वर केला. मग इकडेतिकडे काही हात. शेजारच्या खुर्चीवरची बाई लाविनाकडे बघत थांबली होती. हिचा हात वर गेला तर आपलाही करावा, अशा बेताने. लाविनाचे हात मांडीवर एकमेकांत अडकलेले होते. त्या बाईनेही मग हात वर केला नाही.

ठराव थोडक्यात पडला.

सभेनंतर पांढरी वाईन आणि चीज होतं. कास्परने लाविनाच्या खांद्यावर थोपटलं. "बापाची लेक," तो म्हणाला. तिने पेला तसाच टेबलावर ठेवला. ती दारापाशच्या बोळकांडीत आली, तर तिथे बार्ला गळ्याभोवती रुमाल गुंडाळत उभी.

"बरी भेटलीस," बार्ला म्हणाली. "मला एक शिकव. रात्री तू लुत्सीला कुशीवर कशी वळवायचीस? तोनी जड आहे. माझ्याच्याने होत नाही."

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं. लाविनाने हवेतच दाखवायला सुरुवात केली: एक हात खांद्याखाली, दुसरा कमरेखाली, गुडघा पलंगाला टेकवून. बार्ला लक्ष देऊन, शाळकरी मुलीसारखी तिची नक्कल करू लागली.

लाविना थांबली.

"एकटीला नाही जमत, मावशी. एका रात्री बाबा पडले माझ्या हातून. सकाळपर्यंत जमिनीवरच होते. मी पांघरूण घातलं आणि शेजारी बसून राहिले. कुणाला हाक मारली नाही."

बार्लाने हात खाली घेतले.

"हे आत बोलायचं होतंस," ती म्हणाली.

"रात्री मी येईन तुमच्याकडे."

"किती रात्री येशील गं?"

बार्लाने कोटाची बटणं लावली. तोनी घरी एकटा होता. ती दार ढकलून बाहेर पडली. लाविनाही कोट घेऊन तिच्या मागोमाग निघाली.