आडव्या पट्ट्यांचं घर

बेबीने सतरंजीच्या कडेची चिकटपट्टी टरकन उपटली आणि अख्खी सतरंजी दोन्ही हातांनी फिरवली. आडवे पट्टे उभे झाले. दारापर्यंत मागे सरकून ती बघू लागली.

"आता खोली कशी लांब दिसते बघ. आधी रस्ता ओलांडायच्या जागेसारखं दिसत होतं."

बेबी म्हणजे आईची धाकटी लेक. पंचेचाळिशी उलटली तरी घरात बेबीच. दुकानात पडदे विकून विकून तिची नजर तयार झाली होती, आणि तयार नजरेच्या माणसाला दुसऱ्याचं घर कधी धड दिसत नाही.

"वहिनी, बैठकीत पट्टे, बोळात पट्टे, संडासाच्या दारातही पट्टे! घर आहे की सतरंज्यांचं दुकान?"

"मला आवडतात," भांडी विसळत वहिनी आतून म्हणाली.

"आवडीलाही काही सुमार असतो."

खिडकीजवळच्या खुर्चीतून आई म्हणाली, "राहू दे गं बेबी."

"तू बस. तुला कुठे बोलायला देतात इथे!"

टोमणा स्वयंपाकघरापर्यंत पोचावा अशा बेतानेच मारलेला होता. दोन वर्षं आई लेकीकडे राहायला गेली नव्हती. बेबीच्या लेखी कारण एकच : वहिनी पाठवत नाही. हे तिने मामाला ऐकवलं, मावशीला ऐकवलं, शेजारणीलाही. दोन वर्षांत आईला धरून उठवायला ह्यांच्यातलं एकही माणूस आलं नाही. मत मात्र प्रत्येकाने घरपोच आणून दिलं. वहिनी गप्प राहिली, कारण आईनेच तिला बजावलं होतं. "माझं चालणं बेबीला कळू द्यायचं नाही. हात थरथरतो हे तिला ठाऊक आहे, तेवढं पुरे." लेक येणार म्हटलं की आई तासभर आधी खुर्चीत जाऊन बसायची आणि ती गेल्यावरच उठायची.

आज बेबी जाईचना. चार वाजले, पाच वाजले. आईने दोनदा चष्मा सारखा केला, गुडघे जवळ घेतले. शेवटी देहापुढे कुणाचा मान टिकतो? खुर्चीच्या हातांना रेटा देऊन ती उठली, सतरंजीवर आली आणि तिथेच थांबली. पाय खिळले. वरचं अंग पुढे निघालं, पाय येईनात.

"आई? चल ना."

बेबीने हात ओढला. आई पुढे झुकली, आता तोंडावर पडणार अशी.

"ओढू नकोस!"

वहिनी ओल्या हातांनीच धावली. आईला कमरेत सावरून तिने स्वतःचा पाय आईच्या पायापुढे आडवा टाकला.

"हं, ओलांडा."

आईने ओलांडला. वहिनीने पुन्हा टाकला. आईने पुन्हा ओलांडला. बोळातली सतरंजी लागली तशी वहिनी बाजूला झाली. आणि जी बाई आत्ता खांबासारखी उभी होती, ती एकेक आडवा पट्टा ओलांडत, कुणाचा हात न धरता, संडासापर्यंत गेली. आतून कडी लागली.

"हे कधीपासून?" बेबीने विचारलं.

"दोन वर्षं झाली. कंपवातात पाय अडकतात. सपाट जमिनीवर सुटत नाहीत, पण पुढे आडवं काही दिसलं की उचलतात. जुन्या एका सतरंजीवर चालल्या तेव्हा कळलं. मग विणकराकडून मापाने करून घेतल्या. एक पट्टा, एक पाऊल."

"मला का नाही सांगितलंस?"

"त्यांनी शपथ घातली होती."

"आणि मी गावभर तुझी..."

वहिनीजवळ बोलायला पुष्कळ होतं. दोन वर्षांचं होतं. तिने हात पुसले आणि नुसतं सतरंजीचं एक टोक धरलं. दुसरं बेबीने धरलं. पट्टे पुन्हा आडवे झाले. बेबी गुडघ्यांवर बसून चिकटपट्टी नखाने दाबू लागली. चारी कडा झाल्या तरी दाबतच राहिली.

आई परत आली ती सरळ खुर्चीपर्यंत.

"रडू नकोस, सतरंजी भिजेल," ती म्हणाली. "हिच्यामुळे मी संडासाला एकटी जाते, बेबी. याहून मोठं काय देतं गं कुणी कुणाला?"

वहिनी भांड्यांकडे वळली. तिला नळ सापडेना.

दुसऱ्या दिवशी दुपारी बेबीचा फोन आला. माफीबिफी काही नाही.

"त्या विणकराला निरोप दे. माझ्या दारापासून पलंगापर्यंत अकरा पट्टे. नाही, थांब, हे माझ्या पावलाने झालं."

फोन कुठेतरी ठेवल्याचा आवाज आला. मग लांबून, फरशीवर घसटत, अगदी हळू पडणारी पावलं.

"एकोणीस," धापा टाकत बेबी परत आली. "बरोबर ना? की आई आता याहून लहान टाकते?"

वहिनीने खिडकीकडे बघितलं. आई कान देऊन बसली होती.

"त्यांनाच विचार," वहिनी म्हणाली आणि फोन आईच्या हातात दिला.