मागचे पान

मित्रांनो, अमेरिकेतल्या एका लहान गावात, अग्निशमन केंद्राच्या मागच्या खोलीत, नळ्यांच्या भेंडोळ्यांशेजारी पाय दुमडून उभा केलेला जुना मतदान-कक्ष, तो मी. चार पाय, पत्र्याचे तीन आडोसे आणि एक मिणमिणता दिवा, एवढाच माझा संसार. दर नोव्हेंबरात मतदानासाठी मला चर्चच्या तळघरात मांडत. कॉफीचा वास दरवळत असे आणि शेतकरी माझ्यात शिरताना टोपी काढत. तो मान मी विसरलो नाही.

एका वर्षी मतपत्रिकेच्या मागच्या पानावर एकच प्रश्न होता. न्यायाधीश चुकला किंवा आजारी पडला, तर त्याला समज देण्याचा, गरज पडल्यास पदावरून दूर करण्याचा अधिकार एका मंडळाला द्यावा का?

आमचे न्यायाधीश ओरिन हाउगेन लेकीबरोबर, सिग्नीबरोबर, आले. वर्षभर त्यांना नावे आठवत नव्हती. राजीनामा द्या म्हणून सिग्नीने किती विनवले होते.

"जजसाहेब, तुम्हीसुद्धा रांगेत?" नोंदणीच्या टेबलामागून मर्नाबाईंनी विचारले.

"जन्मभर दुसऱ्यांना उभं केलं. आज माझी पाळी."

माझ्याजवळ आल्यावर ते लेकीला हळूच म्हणाले, "सिग्नी, आज डोकं ठिकाणावर आहे म्हणून सांगतो. मी 'हो'वरच खूण करणार. उद्या मीच तुझ्याशी भांडेन. मला खुर्चीवरून कुणीतरी उठवायला हवं."

"बरं, बाबा. पान तेवढं उलटा."

त्यांनी पुढचे पान सावकाश भरले. पेन ठेवले. मतपत्रिका मतमोजणीच्या यंत्रात सोडली आणि मत दिल्याचा स्टिकर कोटावर लावून घेतला.

"मागचं केलंत ना?" सिग्नीने विचारले.

"मागेही होतं का काही?"

तिने त्यांचा मफलर नीट केला.

प्रस्ताव पडला. कोरे सोडलेले उत्तर 'नाही'तच धरत, आणि कितीतरी जणांनी पान उलटलेच नव्हते. हाउगेन खुर्चीवर राहिले. मार्चमध्ये त्यांनी एका तरुणाची सुटका भर कोर्टात जाहीर केली आणि हुकमावर सही करायला विसरले. तो कोठडीत असतानाच त्याची आई गेली. मग हाउगेन खुर्चीवरून आपणहून उठले. गावात त्यांना कोणी जजसाहेब म्हणेना. पुढच्या हिवाळ्यात ते वारले.

आता मतपत्रिका टपालाने जातात. मला कोणी उघडत नाही. सिग्नी माझ्यात शेवटचे मत द्यायला आली होती, तेव्हा तिने आधी मागचे पान पाहिले. ते कोरे होते, त्या वर्षी मागे प्रश्नच नव्हता. तरी त्यावर हात ठेवून ती बराच वेळ उभी राहिली.

मित्रांनो, मला बोलता येत नव्हते. तुम्हाला येते. आपले माणूस पेन खाली ठेवण्याआधी त्याला हाक मारा.